सगळा वायरिंग बदलूक व्हया!

जुनी मोटरसायकल मालवणातल्या गॅरेजात न्या आणि दिवा मंद लागतो म्हणून सांगा. मेकॅनिक हँडलखाली एकदा डोकावतो आणि निकाल देतो, "मास्तरांनू, सगळा वायरिंग बदलूक व्हया." माझा आक्षेप आहे तो या वाक्याला. रोगी न तपासताच टेबलावर घ्यायचा?

माझ्याकडे म्हैसूरची जावा आहे. तो कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. तेव्हा "ओरिजिनल वायरिंग" म्हणून आज जे गळ्यात मारतात, ते कितपत ओरिजिनल हे तुम्हीच ठरवा. (२०१८ पासून जावा नावाच्या नव्या गाड्या आल्या, पण त्या वेगळ्या.)

आता थोडं शाळेतलं गणित. जुन्या जावाची वीज ६ व्होल्टची. २५ वॅटच्या दिव्याला तारेतून ४ अँपियरहून जास्त प्रवाह लागतो, १२ व्होल्टच्या गाडीत त्याच्या निम्मा. वाटेत अर्धा व्होल्ट हरवला तरी सुमारे पाव उजेड गेला! आणि तो हरवतो कुठे? आपल्याकडे खारं वारं, वर चार महिने पाऊस. तार मध्यावर बहुधा धड असते, हिरवा कळंक चढतो तो टोकांना आणि सांध्यांना. हौसेने रंगवून आणलेल्या गाडीत तर अर्थिंगच्या जागीही रंग फासलेला असतो. तिथे नवं वायरिंग टाकून काय उजेड पडणार?

दिवा लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, दुसरं बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे अर्थिंग खातंय. पॉलिश पेपरने जागा घासा, पुन्हा मोजा. पाच मिनिटांचं काम.

वाकवल्यावर वेष्टण तडकत असेल, विशेषतः हँडलच्या वळणाशी, तर ती तार बदलाच. त्यात कंजुषी नको. पण गंमत अशी, की अख्खं वायरिंग फेकायला निघालेला हाच मनुष्य फ्यूज उडाला की त्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळतो. वर पेट्रोलची टाकी! मग तार तापून पेटली, की दोष जुन्या वायरिंगचा.

असो. साधा मीटर तीनशे रुपयांच्या आत मिळतो. पुढच्या वेळी गॅरेजात जाताना तो सोबत न्या आणि व्होल्ट कुठे हरवतात ते आधी दाखवायला सांगा.