डग्गा कुठे गेला?

मागच्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. मी हौसेने मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी लावली. बाबा खुर्ची घेऊन हॉलच्या मधोमध बसले. दोन मिनिटांत म्हणाले, "अरे, डग्गा कुठे गेला?"

मनात म्हटलं, झालं, वयाने कान गेले! मग त्यांच्या जागी मी बसलो. खरंच, डग्गा गायब!

दोष खोलीचा. आमचा हॉल 18 फूट लांब. समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटांमुळे 31 आणि 94 हर्ट्झच्या आसपासचा आवाज नेमका मध्यावर मरतो, आणि डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यातला. उलट मागच्या भिंतीला चिकटून बसलं, की नुसता गडगडाट!

उपाय फुकटचा. खुर्ची मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर, म्हणजे आमच्याकडे 7 फुटांवर ठेवा. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण साधा. मग थोडं मागेपुढे सरकून कानाने ठरवा.

आमची खुर्ची दोनच फूट मागे गेली आणि बाबांची मान डोलू लागली.

तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस "नीट ऐकू येत नाही" म्हणालं, तर डॉक्टर गाठण्याआधी एकदा त्यांच्या खुर्चीत बसून बघा!