गुपचूप राजीनामा हा उपाय नव्हे

ऑपरेशन झालेल्या रुग्णाला रात्री फेंटॅनिल दिल्याची नोंद तक्त्यावर आहे, तरी तो पहाटेपर्यंत कण्हत राहतो. एकदा घडलं तर त्याला दुखणंच जास्त असेल, असं म्हणता येतं. पण एका ठरावीक सिस्टरच्याच ड्युटीत हे होऊ लागलं, फुटलेल्या अँप्युल्सची नोंदही तिच्याच सहीने वाढू लागली, की बरोबरीच्या नर्सेसच्या मनात पाल चुकचुकते. विरार-आगाशी-अर्नाळा पट्ट्यासारख्या भागातल्या लहान नर्सिंग होममध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, कित्येकदा नात्यातलेही असतात. तिथे मग एक तर नुसती कुजबुज चालते, नाहीतर एक दिवस मालक डॉक्टर तिला केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतात. बाहेर गाजावाजा नको, पोरीचं नाव नको खराब व्हायला, असं म्हणून विषय मिटवला जातो. यामागचा हेतू वाईट नसतो. तरीही यातला सर्वांत घातक मार्ग हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतलं डेव्हिड क्वियाटकोव्स्कीचं प्रकरण याचा पुरावा आहे. हा नर्स नव्हे, रुग्णालयात कंत्राटी नोकऱ्या करत फिरणारा तंत्रज्ञ होता. रुग्णासाठी भरून ठेवलेली फेंटॅनिलची सिरिंज उचलायची, स्वतःला टोचायची आणि त्याच सिरिंजमध्ये सलाइन भरून ती परत ठेवायची, ही त्याची पद्धत. त्याला हेपटायटिस सी होता. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या रुग्णालयात तो संशयात सापडला. तिथून त्याला फक्त घालवलं, पोलिसांना कळवलं नाही. पुढची चार वर्षं तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकऱ्या करत राहिला. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या एक्झेटर रुग्णालयात साथ उघडकीस आली तोवर किमान ४५ रुग्णांना त्याच्यामुळे लागण झाली होती. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. पिट्सबर्गलाच हे पोलिसांपर्यंत गेलं असतं तर यातले बहुतेक रुग्ण वाचले असते. आपल्याकडे तर वसईत सोडलेली नोकरी बोरिवलीत आठवड्याभरात मिळते, आणि नर्सेसचा तुटवडा असल्याने आधीच्या ठिकाणी फोन करून चौकशी करायला कुणाला सवड नसते.

अर्थात सगळ्याच औषधचोऱ्या सारख्या नसतात. आपल्या राज्यात रुग्णालयातून औषध बाहेर जाण्याचं ठळक उदाहरण म्हणजे कोविडकाळातलं रेमडेसिविर. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात पोलिसांनी काळ्या बाजाराच्या गुन्ह्यांत रुग्णालयांचे कर्मचारीच पकडले. तिथे प्रश्न पैशाच्या हावेचा होता आणि फौजदारी कारवाई हेच त्याला उत्तर होतं. फेंटॅनिल, पेन्टाझोसिन, मिडाझोलामच्या चोरीत मात्र चोरणारी बहुधा स्वतःच व्यसनात अडकलेली असते. ती गुन्हेगारही असते आणि आजारीही. राजीनामा घेऊन तिला घरी पाठवणारे तिच्या आजाराकडे पाहत नाहीत आणि गुन्ह्याकडेही नाही.

मग बरोबरीच्या नर्सने करायचं काय? संशयित सिस्टरला एकटीनेच गाठून जाब विचारायचा, हे तर मुळीच नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला करणाऱ्या सफाई कामगाराला त्यांनी प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांचं खाणं चोरण्यावरून तक्रार करीन असं बजावलं होतं, असं त्या प्रकरणाच्या वृत्तान्तांत येतं. सगळेच जण हिंसक होतात असं नाही, पण चोरी पकडल्याची धमकी एकटीच्या तोंडून जाते तेव्हा तिच्या पाठीशी संस्था नसते. म्हणून संशय आला त्याच दिवशी इन्चार्ज किंवा मेट्रनकडे लेखी द्यावं, आणि त्यात माणसाबद्दल नव्हे, औषधाबद्दल लिहावं: अमुक तारखेला इतक्या अँप्युल्स शिल्लक हव्या होत्या, इतक्या निघाल्या, दोन मिलीच्या अँप्युलमधून एक मिली दिलं, उरलेलं टाकून दिल्याची दुसरी सही नाही.

निरपराध बाईच्या आयुष्याचं वाटोळं होईल, हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. पण निरपराधाचं नुकसान कुजबुजीने जास्त होतं. कुजबुजीला उत्तर देता येत नाही, नोंदवहीला देता येतं. मोजदाद जुळली तर ती त्याच दिवशी मोकळी होते. दुसरा आक्षेप तुरुंगाचा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही; उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. चोरीचा गुन्हा यात माफ होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. तरी परतीची वाट कायद्याने ठेवली आहे. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. हे प्रत्येक मेट्रनला माहीत असायला हवं, कारण समोर उपचाराचा पत्ता दिसला की तक्रार लिहिणारीचा हातही कमी थरथरतो.

राहिला मालक डॉक्टरांचा प्रश्न. छोट्या नर्सिंग होमला नावाची भीती मोठी असते, आणि त्यांच्या भल्या हेतूवर सगळं सोडून चालणार नाही. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली वसई-विरार महापालिकाच आपल्या हद्दीतल्या नर्सिंग होम्सची नोंदणी आणि नूतनीकरण करते. नूतनीकरणाच्या तपासणीत खाटा आणि अग्निशमनाच्या दाखल्याबरोबर वेदनाशामक व गुंगीच्या इंजेक्शनांची नोंदवही उघडून कपाटातल्या अँप्युल्स समोर मोजून घ्याव्यात, आणि टाकून दिलेल्या औषधावर दोन सह्या नसतील तर नूतनीकरण थांबवावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.