नवा सेल्फ मागण्याआधी
जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग-शेगडी-टाकी बसवायची आणि फिरायला निघायचं, ही हौस मला मनापासून पटते. पण तवंदी घाट चढून चहाला थांबल्यावर किल्ली फिरवली आणि नुसतं ‘कट्ट’ वाजलं, की ही हौशी मंडळी थेट नवा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, मागतात. जरा थांबा. आतले दिवे, पंखा चालतायत म्हणजे बॅटरी ठीक, हा हिशेब इथे फसतो. अशा गाडीत आतल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी बहुधा वेगळी, इंजिनाची वेगळी. इंजिनाच्या बॅटरीवर गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग इंजिन आणि चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी बघा. बेळगावच्या पावसात तिचे नट-बोल्ट गंजतात, आणि डिझेल इंजिन फिरवायला लागणारे शेकडो अँपिअर त्या गंजातून नीट जात नाहीत. हे सगळं धड निघालं, तरच दोष सेल्फचा: झिजलेले कार्बन, ढिले बुश, नाहीतर सोलेनॉइडचे जळके पॉइंट. त्यातलं बरंचसं उघडून दुरुस्त होतं. बेळगावचं वडगाव तर यंत्रमागांचं गाव; जळालेली मोटर भंगारात टाकण्याआधी वाइंडिंगवाल्याला दाखवायची, हे इथे कुणाला शिकवायला नको. जुना सेल्फ आधी त्याच्याच टेबलावर ठेवा, असं माझं मत. फक्त गाडीखाली शिरण्यापूर्वी इंजिनाच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा: सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतो.