यंत्रमानव आणि वर्गणी

दरवर्षी जानेवारीच्या आरंभी एका शनिवारी अमेरिकेतील आणि इतर काही देशांतील माध्यमिक शाळांची हजारो मुले एकाच वेळी एक कोडे ऐकण्यासाठी जमतात. त्या वर्षीचा खेळ कोणता, यंत्रमानवाने चेंडू फेकावयाचे की खांबावर चढावयाचे, हे त्या क्षणापर्यंत कोणासही ठाऊक नसते. पुढील काही आठवड्यांत मुलांनी आराखडा काढावयाचा, पत्रा कापावयाचा, तारा जोडावयाच्या, आज्ञावली लिहावयाची आणि फेब्रुवारीअखेर वा मार्चमध्ये आपले यंत्र घेऊन आखाड्यात उतरावयाचे. डीन केमेन या संशोधकाने १९८९ साली स्थापिलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची ही स्पर्धा. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरी एका शाळेच्या व्यायामशाळेत ती प्रथम भरली, तेव्हा संघ होते अवघे २८. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली आहे.

सातासमुद्रापलीकडील या खेळाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे कारण यंत्राचे कौतुक हे नव्हे. यंत्रे आता आपल्याकडेही आली आहेत. केंद्राच्या 'अटल टिंकरिंग' योजनेतून २०१६ पासून देशभरात सुमारे दहा हजार शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. प्रत्येकीस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. गोवा सरकारनेही २०२१ साली शाळांत संगणक-आज्ञावली आणि रोबोटिक्स शिकविण्याची योजना हाती घेतली. सरकारने पैसा दिला, हे चांगलेच झाले. प्रश्न आहे तो पैशाबरोबर जे येत नाही त्याचा.

अमेरिकेतील संघाच्या वर्षातला निम्मा उद्योग यंत्राचा नसतोच, तो पैशाचा असतो. नुसते प्रवेशशुल्कच सहा हजार डॉलरांच्या घरात जाते. त्यावर साहित्य, बस, परगावचा मुक्काम. शाळा त्यातील काही भार उचलते, उरलेला मुलांनी उभा करावयाचा. मग ही मुले रविवारी गावातील मोटारी धुतात, घरचे केक मांडून विकतात, उपाहारगृहाच्या मालकाला गाठून एका संध्याकाळच्या विक्रीतला हिस्सा मागून घेतात. कारखानदारांना पत्रे लिहितात, त्यांच्या कचेरीत जाऊन यंत्र चालवून दाखवितात आणि देणगी मिळाली की त्याचे नाव यंत्राच्या अंगावर रंगवितात. संघात पाने आणि पक्कड चालविणारी मुले असतात, तशीच जमाखर्च ठेवणारी, पत्रे लिहिणारी, चार मोठ्या माणसांपुढे उभे राहून बोलणारीही असतात. आखाड्यात तीन संघ एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस असतात, आणि सकाळचा सोबती दुपारी प्रतिस्पर्धी होतो. त्यामुळे शेजारच्या संघाचा सुटा भाग मोडला तर आपला काढून देण्याची तेथे रीत पडली आहे. संस्थेचा सर्वोच्च सन्मानदेखील सर्वांत वेगवान यंत्रास मिळत नाही. आपल्या परिसरासाठी संघाने वर्षानुवर्षे काय केले, हे पाहून तो दिला जातो.

या व्यवस्थेचे दोषही उघड आहेत. ज्या वस्तीत श्रीमंती आहे तेथील मुलांच्या पत्रांना उत्तरे लवकर येतात. पालक अभियंते असतील तर मार्गदर्शकही घरचेच. वर्गणीवर चालणारे शिक्षण गरिबास मागे ठेवते, हा आक्षेप म्हणूनच गंभीर आहे. त्याला उत्तर नव्हे, पण विचारात घ्यावी अशी एक घटना मात्र ॲरिझोना राज्यात घडली आहे.

फिनिक्स शहरातील कार्ल हेडन हायस्कूल ही मुख्यतः मेक्सिकोहून आलेल्या कष्टकऱ्यांच्या मुलांची शाळा. 'फर्स्ट'च्या स्पर्धेत तिचा संघ उतरत असेच. २००४ साली तेथील चार मुलांनी सांता बार्बरा येथील पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांच्या एका राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, आणि तोही विद्यापीठांच्या गटात. गाठीला होते गावातून जमविलेले सुमारे ८०० डॉलर. यंत्र नळकामाच्या प्लास्टिक नळ्यांचे, आणि नळ्या जोडण्याच्या डिंकाचा वास इतका उग्र की मुलांनी त्याचे नावच 'स्टिंकी' ठेवले. पेटीत पाणी झिरपू लागले, तेव्हा दुकानातून स्त्रियांच्या वापरातील शोषक कापसाचे बोळे आणून त्यांनी ती कोरडी राखली. समोर जगद्विख्यात एम.आय.टी.चा संघ होता आणि त्याच्या पाठीशी एका तेलकंपनीसह इतर देणगीदारांचे मिळून दहा हजारांहून अधिक डॉलर होते. पहिला क्रमांक कार्ल हेडनचा लागला, एम.आय.टी. दुसरी आली. आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नव्हती त्या मुलांना तांत्रिक लेखनाचे पारितोषिकही मिळाले. जे स्वतःच्या हाताने केले ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले.

पुढे काय झाले? त्या चौघांकडे अमेरिकेत राहण्याचे कायदेशीर कागद नव्हते. २००६ साली ॲरिझोनाच्या मतदारांनी अशा विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतली. चौघांपैकी एकास शुल्क परवडेना म्हणून विद्यापीठ सोडावे लागले. दुसऱ्याने २००९ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळविली, स्वतः होऊन मेक्सिकोत परत गेला, रीतसर परवाना मिळाल्यावर पुन्हा आला आणि अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. गावाने ८०० डॉलर दिले होते, राज्याने दार लावले. वर्गणीच्या गोडव्यांत ही गोष्ट विसरता कामा नये. लोकांची मूठ सरकारचे काम हलके करीत असेल, पण सरकारास त्यातून मोकळीक देत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. गोमंतकास वर्गणीची शाळा कोणी शिकवावी? पोर्तुगीज अमदानीत बहुतेक मराठी शाळा सरकारी तिजोरीवर चालल्या नाहीत. देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या ओसरीवर, गावकऱ्यांनी मास्तराच्या जेवणाची सोय करून त्या चालविल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच घरोघरच्या मूठभर तांदळावरून पडले. आणि हा वारसा केवळ इतिहासात उरला आहे असेही नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कोणत्याही वाड्यावर फिरून पाहावे. पोरे दारोदार वर्गणी मागतात, रात्र रात्र जागून नरकासुर उभा करतात, त्याच्या हातांत आणि मानेत दांड्या, चाके व मोटारी बसवून तो हलवितात आणि पहाटे जाळून टाकतात. शिगम्याचे चित्ररथ आणि चवथीचे हलते देखावे याच हातांचे. हंगाम आहे, संघ आहे, वर्गणी आहे, यंत्रही आहे. शाळेच्या फाटकापाशी मात्र हे सारे थांबते. आत येते ते बंद खोक्यातील साहित्य, पुरविणाऱ्याच्या सूचनांसह. मोडले तर जाब कोण देणार, या चिंतेने जेथे ते कपाटात जाते, तेथे किल्ली हरवली तरी गावाला पत्ता लागणार नाही, कारण गावाचे त्यात काही गुंतलेले नाही.

मुलांनी भीक मागावी असे आम्ही सुचवीत नाही. मूळ साहित्य आणि शिक्षक सरकारनेच द्यावेत, विशेषतः सत्तरी-काणकोणच्या शाळांना आधी. परंतु स्पर्धेचा प्रवास, जादा सामान, चुकलेला प्रयोग पुन्हा करण्याचा खर्च, एवढे तरी मुलांनी गावापुढे जाऊन मागावे आणि हंगाम संपताच पैशापैशाचा हिशेब शाळेच्या फलकावर लावावा. कोणाकडून घ्यावयाचे नाही, हेही त्यांनाच ठरवू द्यावे. अमेरिकेत युद्धसामग्री बनविणाऱ्या कंपन्याही या स्पर्धांच्या आश्रयदात्या आहेत आणि तेथील मुलांच्या सदऱ्यांवर त्यांची नावे झळकतात. आपल्याकडे मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोवाल्यांनी उद्या धनादेश पुढे केला तर? असा वाद एखाद्या शाळेत विद्यार्थ्यांनी घातला, तर नागरिकशास्त्राचे दोन तास बुडाले म्हणून कोणी खेद करू नये.

विषयही उसना आणावयास नको. आपल्या खाजन शेतीतील मानस भरती-ओहोटीच्या दाबाने आपोआप उघडते व मिटते. आमच्या पूर्वजांनी तिला कधी मोटार लावली नाही. आज बांध खचतो, मानशीचे दार कुजते आणि खारे पाणी शेतात शिरल्याचे पीक करपल्यावर कळते. दार नीट न मिटल्यास बांधावरून इशारा देणारे यंत्र, हा तालुक्यातील शाळांसाठी एका हंगामाचा विषय होऊ शकतो. त्याला थोडे लाकूड, पाण्याची जुनी टाकी, खारेपणा ओळखणारे एखादे स्वस्त उपकरण आणि एक लहान घंटा एवढे पुरे. वर्गणीसाठी मुलांनी प्रथम कोमुनिदाद आणि कुळसंघाकडे जावे. मानशीचे दार कोणत्या भरतीला अडते, हे सांगणारी माणसे तेथेच भेटतील.