फडकं त्यांना, मशीन आपल्याला का नाही?



आपल्यातला एखादा शिकलेला भाऊ नाक मुरडतो : 'बापजाद्यांनी गाव झाडलं, आता तुम्ही यांच्या गाड्या धुवा!' त्याचा राग मला कळतो. पण हे बोलणं अर्धंच आहे.

मी सहा वर्षं वॉशिंग सेंटरवर काढली. रॅम्पखाली चेसिसचा चिखल अंगावर घेणारं पोरगं कुणाचं? आपलं. वर सावलीत बफिंग मशीन धरणारा कोण? मालकाचा पुतण्या. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं, की जात नुसतं काम वाटत नाही, राबणाऱ्या माणसांनाच वरखाली लावते. इथं तर मशीनलाही जात चिकटवलीय.

पंपाचा दाब शंभर बारच्या पुढं. गन जवळ धरली की सुटलेला रंग सोलून निघतो, रेडिएटरच्या पात्या वाकतात. तीच धार बोटात घुसली तर वर टाचणीएवढं भोक दिसतं, आत बोट कायमचं जायची पाळी. तिथं हळद चेपून भागत नाही, तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. हे पोराला कोण सांगतं? रिम धुवायचं ॲसिड उघड्या हातात देतात. ओल्या फरशीवर बिनअर्थिंगची मोटार चालवायला लावतात.

आणि शिकवत काय नाहीत? कुठलं कंपाऊंड कुठल्या पॅडवर. मशीन एका जागी थांबलं तर रंग का जळतो. सिरॅमिक कोटिंगआधी पॉलिशचं तेल का पुसून काढायचं. पैसा त्यात आहे, म्हणून ते कुलपात.

म्हणजे धोका आपला, विद्या त्यांची. मनूनं दुसरं काय केलं होतं?

'सोडा हे काम' म्हणणाऱ्याला माझा सवाल : सोडून जायचं कुठं, मजूर अड्ड्यावर? मी म्हणतो, काम नको सोडू, अर्धं शिकणं सोड. गमबूट, हातमोजे, चष्मा मागून घे. मशीन हातात घे. देत नसतील तर चौघं मिळून मागा. मग दोघा-तिघांनी पैसे घालून स्वतःचा पंप लावा. महात्मा फुले महामंडळात कर्जाचा अर्ज टाका, खेटे घालावे लागले तर घाला.

आणि एक ध्यानात ठेवा. आपलं सेंटर निघालं की रॅम्पखाली दुसऱ्या कुणाचं पोरगं कायमचं गाडू नका. पाळी लावा. मालकानंही चिखलात उतरावं, पोरानंही मशीन धरावं. नाहीतर बोर्डावर निळा रंग आणि आत तीच उतरंड.

जय भीम!