शाळा काढली कुणासाठी, झाली कुणाची?

इंग्लंडमधील ईटन, हॅरो, रग्बी ही नावे आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांत आदराने घेतली जातात. पंडित नेहरू हॅरोला शिकले. ब्रिटनचे २० पंतप्रधान एकट्या ईटनचे. या निवासी शाळांना तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. पण आज ईटनमध्ये एका मुलामागे वर्षाला ६० हजार पौंडांहून अधिक फी भरावी लागते. मग यात ‘पब्लिक’ कुठे आले, असा प्रश्न आपल्याला पडणारच.

उत्तर या शाळांच्या जन्मात आहे. ईटन १४४० मध्ये राजा सहावा हेन्री याने ७० गरीब मुलांना मोफत शिकवण्यासाठी काढली. रग्बीसाठी १५६७ मध्ये लॉरेन्स शेरिफ या किराणा व्यापाऱ्याने आपली मिळकत ठेवली. हॅरो जॉन लायन या शेतकऱ्याने १५७२ मध्ये राणीची सनद मिळवून गावच्या मुलांसाठी उभी केली. सगळ्यांचा हेतू नेक होता.

मग बिघडले कुठे? लायनने नियमांत एक मुभा ठेवली होती, की शिक्षकाने बाहेरगावची मुले फी घेऊन शिकवावीत. शिक्षकांचे उत्पन्न त्यातून वाढू लागले. हळूहळू सरदार-जमीनदारांची मुले शाळेत भरली आणि गावची मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली. शिकवायचे ते लॅटिन आणि ग्रीक. शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या मुलाला त्याचा काय उपयोग? अखेर गावकरी कोर्टात गेले. १८१० मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८६८ मध्ये सात शाळांसाठी कायदा झाला. कारभाराला शिस्त आली, पण गावच्या मुलांचा जुना हक्क मोठ्या शाळेत टिकला नाही. त्यांच्यासाठी हॅरोत आणि रग्बीत वेगळ्या शाळा निघाल्या. ज्यांच्यासाठी घर बांधले, त्यांची सोय शेजारच्या खोलीत झाली!

आत शिरलेल्या श्रीमंत मुलांचे तरी सगळे सुखाचे होते असे नाही. धाकट्यांनी थोरल्यांची हरकामे करायची आणि चुकले की छडी खायची, ही तिथली रीतच होती. इंग्लंडच्या खासगी शाळांतून छडी कायद्याने गेली ती थेट १९९९ मध्ये.

या शाळांनी उत्तम शिक्षक ठेवले, ग्रंथालये व मैदाने उभारली, हे आम्ही नाकारत नाही. ईटनमध्ये आजही ७० शिष्यवृत्तीधारकांची जागा राखलेली आहे. मात्र ती कठीण परीक्षेतून मिळते, गरिबी पाहून नव्हे. फी भरू न शकणाऱ्यांना वेगळी मदत मिळते, तरी बहुसंख्य मुले पैसेवाल्यांचीच.

आपल्यातही कुणी शाळेसाठी जमीन देतो, कुणी वसतिगृहाला खोली बांधून देतो. अशा दात्यांना आणि विश्वस्तांना आमचे एवढेच सांगणे आहे: गरीब मुलांच्या जागा किती, हे आकड्यात लिहून ठेवा आणि दरवर्षी हजेरीपटावर ती मुले मोजा. लायनचा हेतू कागदावर शाबूत होता. वर्गात मात्र त्याच्या गावची मुले उरली नव्हती.