पुस्तकाची पाठ कापू नका

ग्रंथालयांकडून बाइंडिंगचे दर मागवणारी पत्रे माझ्या दुकानात येतात. त्यांत पुस्तकांची संख्या असते, आकार असतो, कापडी बांधणी हवी की रेक्झीनची हे असते आणि शेवटी ‘प्रति पुस्तक सर्वांत कमी दर’ असतो. पुस्तक कोणत्या साली छापले, कागद कसा आहे, जुनी शिलाई शाबूत आहे का, हे विचारणारा रकाना नसतो. अकोला-अमरावतीतली जुनी पुस्तके या नसलेल्या रकान्यामुळे मरत आहेत, असे माझे ठाम मत आहे. वाळवी आणि कसर यांनी खाल्ली असतील त्याहून जास्त पुस्तके दुरुस्तीच्या नावाखाली कटिंग मशीनच्या पात्याखाली गेली आहेत.

कमी दरात काय होते ते सांगतो. पुस्तकाची पाने छापखान्यात सुटी छापत नाहीत. मोठ्या तावावर सोळा पृष्ठे छापून ताव घडी घालतात. ती घडी म्हणजे आमचे जुज, छापखान्यातला फर्मा. ३२० पृष्ठांच्या पुस्तकात अशी वीस जुजे. जुन्या पुस्तकांत प्रत्येक जुजाच्या घडीत मधोमध सुई घालून, एकाला दुसरे गुंफत शिवलेले असे. या जुजबंदीमुळेच ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही टेबलावर सपाट उघडते आणि हात न लावता उघडे राहते.

ते पुस्तक दुरुस्तीला आले आणि दर पस्तीस-चाळीस रुपये ठरला, की कारागीर जुना पुठ्ठा ओढून काढतो आणि पाठीकडून मशीन चालवतो. दोन-तीन मिलिमीटर कागद जातो. पण त्या दोन-तीन मिलिमीटरांत वीसच्या वीस घड्या जातात. उरतात एकशे साठ सुटे कागद. मग कडेपासून थोडे आत टोच्याने भोके पाडून बाजूने शिलाई मारायची, वरून फेव्हिकॉल, त्यावर रेक्झीन. बाहेरून पुस्तक नवे दिसते. उघडायला जाल तर आतला समास शिलाईने गिळलेला असतो. वाचणारा दोन्ही हातांनी पुस्तक दाबतो, पान शिलाईच्या रेषेवर दुमडते आणि जुना कागद तिथेच मोडतो. दुसऱ्यांदा दुरुस्तीला आले तर शिवायला घडीच नसते. म्हणून पुन्हा कापतात. आता अक्षरे जाऊ लागतात. तिसरी वेळ येत नाही, पुस्तक रद्दीत जाते.

कागद का मोडतो, हेही समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सगळीकडे पसरला. त्यावर शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरत. त्या तुरटीमुळे कागदात आम्ल राहते आणि वर्षागणिक तो आतून जळत जातो. आधी पिवळा, मग तपकिरी, मग कोपरा दुमडला की हातात तुकडा. चिंध्यांपासून केलेला त्याआधीचा हातकागद मात्र टिकतो. त्यामुळे कधीकधी दोनशे वर्षांची पोथी मजबूत निघते आणि १९४० चे पुस्तक चुरा होते. दोघांना एकच शिलाई आणि एकच दर लावणे म्हणजे कामाची समजच नसणे.

माझे वडील अमरावतीत अंबागेटच्या आतल्या एका छापखान्यात बाइंडर होते. शिलाई मात्र घरी आई करायची. या धंद्यात घड्या घालणे आणि जुजे शिवणे हे काम बहुतेक बायकांनीच केले आहे, आणि त्यांचे नाव कधी बिलावर आले नाही. आई दोरा मेणावरून ओढून घ्यायची, म्हणजे तो घडीत कागद कापत नाही आणि गाठ सरकत नाही. दोरा किती ताणायचा हे तिच्या बोटांना कळे. ढिला राहिला तर पुस्तक लडबडते, जास्त ताणला तर घडी फाटते. वडील म्हणत, आपण केलेले काम पुढच्या बाइंडरला उलगडता आले पाहिजे. मी अकोल्यात दुकान थाटले तेव्हा शिकंजा, दाभणे आणि हाडाची पट्टी त्यांच्याकडून आणली, पण त्यांची खरी शिकवण ही होती.

उलगडता येणे हा सगळा खळीचा प्रश्न आहे. गव्हाच्या पिठाची खळ पाण्याने पुन्हा मऊ होते आणि चिकटवलेले सोडवता येते. फेव्हिकॉल वाळला की सोडवताना त्याच्याबरोबर कागद निघतो. सेलोटेप त्याहून घातकी. पाच-सात वर्षांत तिचा चिकट भाग पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग अक्षरांवर कायमचा राहतो. लॅमिनेशनबद्दल तर हात जोडून सांगतो: जुना कागद उष्णतेने प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, तो परत बाहेर काढता येत नाही. पूर्वी खळीत कसर लागू नये म्हणून आम्ही मोरचूद घालत असू. वडीलही घालत. तांब्याचा अंश कागदाला हळूहळू खातो हे पुढे समजले आणि मी ते बंद केले. आता खळ रोज थोडीच शिजवतो, शिळी वापरत नाही. फाटलेल्या घडीला आतून जपानी कागदाची पट्टी लावतो. तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीपासून केलेला हा कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ असतो, पण त्याचे धागे लांब असल्याने तो ओढ सहन करतो.

वऱ्हाडात हे काम करायला ऋतू पाहावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की खळ ब्रशवरच सुकते. पुठ्ठ्यावर कापड ओढले की ते वाळताना आक्रसते आणि पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो. म्हणून आतल्या बाजूने अस्तराचा कागद लगेच चिकटवून ताण सारखा करावा लागतो. उन्हाळ्यात मी पहाटे पाचला दुकान उघडतो आणि खळीचे काम दहाच्या आत संपवतो. उरलेला दिवस शिलाईचा. पावसाळ्यात उलटे. कपाटाच्या मागची भिंत ओलावते, काळ्या मातीतून वाळवी वर चढते आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या रांगा ती आतून पोकळ करते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले तरी निम्मे नुकसान वाचते, त्याला पैसा लागत नाही.

आता पुस्तकांहून निकडीची गोष्ट. आमच्याकडे शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे येतात, क्वचित जुनी कोतवाल बुके. जात पडताळणीसाठी जुनी नोंद लागते: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीची, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या कपाटांतून ही रजिस्टरे बाहेर निघाली. त्यातली काही मोडीतली होती. चाळीस-पन्नास वर्षे कोणी न उघडलेली रजिस्टरे एका महिन्यात शेकडो हातांनी उलटली. किती पाने त्या शोधातच सुटली असतील, याचा विचार करून माझा जीव खालीवर होत असे. मूर्तिजापूरकडचा एक शेतकरी मुख्याध्यापकांसोबत रजिस्टर घेऊन आला होता. ते एका फडक्यात बांधलेले होते. तो मला म्हणाला, “भाऊ, याच्यात माह्या आज्याचं नाव हाये. पान फाटू देऊ नोका.” रजिस्टराला आधी कोणीतरी बाजूने तारेच्या पिना मारल्या होत्या. पिना गंजल्या होत्या आणि गंजाने भोवतीचा कागद खाल्ला होता. नेमका नोंद क्रमांकाचा पहिला रकाना त्या पिनांच्या रांगेत होता. पिना एकेक करून काढल्या, पानांना कडेला नवा कागद जोडून घड्या तयार केल्या आणि मग शिवले. आज्याचे नाव वाचले. त्याच पानावरचे दोन नोंद क्रमांक मात्र गेले, ते मला परत आणता आले नाहीत.

यावर लोक म्हणतात, स्कॅन करून टाका. स्कॅनिंग जरूर व्हावे, मी त्याच्या विरोधात नाही. पण स्कॅनिंगचे कंत्राटही पानामागे दराने निघते. काचेवर रजिस्टर सपाट दाबले की पाठ तडकते. काही ठिकाणी तर वेळ वाचवायला शिलाईच कापतात, पाने यंत्रातून काढतात आणि गठ्ठा सुतळीने बांधून परत करतात. क्रम बदलतो, दोन-चार पाने राहून जातात. पुढे जात पडताळणीचे दक्षता पथक चौकशीला येते तेव्हा ते मूळ रजिस्टर मागते. स्कॅनमध्ये खाडाखोड दिसली तर शाई कोणत्या वेळची, हे मूळ पान पाहूनच ठरते. मूळ गेले तर प्रतीवर शंका घेणाऱ्याला उत्तर काय देणार?

आपला भाग जुन्या ग्रंथांच्या बाबतीत गरीब नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. लीळाचरित्र रिद्धपूरला सिद्ध झाले. मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी आठवणींतून ती पुन्हा उभी केली, म्हणून तिचे इतके पाठभेद. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांतून अपभ्रंश भाषेतली काव्ये डॉ. हिरालाल जैन यांनी उजेडात आणली, तेव्हा ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी संपादित केलेल्या षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच निघाला. मूडबिद्रीत शतकानुशतके बंद राहिलेला तो ग्रंथ आमच्या गावाने छापला! त्या काळचा एक खंड माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. कागद तपकिरी झालेला, पण जुजे शाबूत, दोरा अजून घट्ट. पाठ कापायला मी नकार दिला. मालकाला दुप्पट दिवस थांबावे लागले, तो थांबला. ताडपत्रावरून कागदावर आलेला ग्रंथ कागदावर शंभर वर्षेही टिकू नये, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

शिलाईचे हेच मोल परदेशातही दिसले. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि लाखो पुस्तके चिखलात गेली. जगभरचे बाइंडर तिथे धावले. त्यांतल्या ख्रिस्तोफर क्लार्कसन या इंग्रज कारागिराच्या लक्षात आले, की जुन्या मऊ चर्मपत्राची साधी वेष्टने असलेली, नीट शिवलेली आणि सरस फारच कमी वापरलेली पुस्तके इतरांपेक्षा चांगली तगली आहेत. शिलाई चांगली आणि चिकटवणे कमी, हे आईने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शिकवले होते. तिला फ्लॉरेन्स ठाऊक नव्हते. चांगले काम सगळीकडे एकाच ठिकाणी येऊन पोहोचते, याचा मला अभिमान वाटतो.

माझे म्हणणे खर्च वाढवा एवढेच नाही. गेल्या वीस वर्षांतल्या कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके खुशाल स्वस्तात बांधा, ती पुन्हा विकत मिळतात. पण १९६० पूर्वीचे प्रत्येक पुस्तक आणि प्रत्येक रजिस्टर वेगळे काढा. त्यांचा दर संख्येवर न ठरवता जुजे किती, घड्या किती फाटल्या, यावर ठरवा, आणि पाठीकडून कापायला लेखी मनाई करा. वीस जुजांच्या पुस्तकाला निगुतीने काम केले तर पूर्ण दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी सुताराच्या मजुरीइतकी तरी असावी. ग्रंथालयाने वर्षाला पाचशेऐवजी पन्नास पुस्तके बांधावीत, पण ती नातवंडांच्या हाती जातील अशी. स्कॅनिंगच्या प्रत्येक कंत्राटात आधीची डागडुजी आणि नंतरची शिलाई यांची रक्कम वेगळी दाखवावी.

आणि माणसे तयार करावीत. जुजबंदी येणारे हात माझ्या माहितीत फार थोडे उरले आहेत, त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे. माझ्या मुलाला मी स्वतः हे काम नको म्हणालो, कारण चाळीस रुपये दरात घर चालत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथे पोथ्यांचा अभ्यास होणार, तर पोथी सांभाळण्याचा आणि ग्रंथ दुरुस्तीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही तिथेच व्हावा. त्यात मोडी वाचता येणारी मुले घ्यावीत, मुली तर आवर्जून घ्याव्यात, आणि शिकत असताना त्यांना विद्यावेतन द्यावे. शिकवायला मी यायला तयार आहे, मानधन न घेता. फक्त पहिला वर्ग मार्चच्या आत ठेवा, पुढे खळ वाळायला लागते.